दुनळीचा भाव

ज्यांच्या ओसरीवर बंदूक टांगलेली असे, अशा घरांतली आमची पिढी आता साठी-सत्तरीला पोचली आहे. लग्नकार्यात आम्ही एकमेकांना बरोबर हुडकून काढतो. कुणीतरी सहज म्हणतं, "आमच्याकडे बारा बोअर होती," की समोरचा वाटी खाली ठेवून विचारतो, "कुठल्या कंपनीची?" मग पुढची पंगत डोक्यावर येऊन उभी राहिली तरी विषय हलत नाही. यांतल्या बहुतेकांनी जन्मात एक बार काढलेला नसतो. पुसलेली मात्र सगळ्यांनी असते. आणि किंमत? ती प्रत्येकाला ठाऊक असते. दोघांची जुळत नाही, एवढंच.

आमचं घर नीरेकाठचं, पुरंदर तालुक्यातलं. घरात तीन बंदुका. ओसरीवर आजोबांच्या बैठकीच्या वर दोन खुंट्यांवर आडवी असायची ती बारा बोअरची दुनळी. बिनघोड्याची, म्हणजे घोडे आत दडलेले. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही'चं नाव कोरलेलं. माजघराच्या कोपऱ्यात खोळीत उभी असायची ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली थ्री-फिफ्टीन रायफल, थोरल्या काकांनी हौसेनं घेतलेली. आणि माळ्यावर पणजोबांच्या वेळची ठासणीची. तिचा गज कधीच हरवला होता. त्या जागी कुणीतरी छत्रीची काडी खोचून ठेवली होती. दुनळी थोरली, रायफल नवी नवरी आणि ठासणीची म्हणजे घरात राहणारी लांबची कुणी म्हातारी, असा आम्हा भावंडांच्या मनात मान ठरलेला होता.

दुनळी घरात आली कशी, याची गोष्ट आम्हाला पाठ होती. भाटघरचं धरण बांधायला आलेला कुणी इंजिनियर साहेब. त्याच्यावर रानडुक्कर चाल करून आलं, पणजोबांनी फरशी कुऱ्हाडीनं ते आडवं केलं, आणि विलायतेला परतताना साहेबानं आपली बंदूक त्यांच्या हातात दिली. लग्न होऊन मी सातारच्या बाजूला गेले, तेव्हा तिथल्या एका वाड्यात हीच गोष्ट ऐकली. साहेब रेल्वेचा होता आणि डुकराच्या जागी अस्वल. माझ्या मैत्रिणीच्या माहेरी साहेब जंगलखात्याचा. देश सोडून जाताना इंग्रजांनी एवढ्या बंदुका वाटल्या असतील, तर बोटीवर ते हात हलवतच चढले असले पाहिजेत. प्रत्यक्षात बहुतेक घरांनी त्या रोख पैसे मोजून, नाहीतर गहाण पडलेल्या, सोडवून घेतल्या होत्या. पण विकत घेतलेल्या वस्तूला बाजारभाव असतो. साहेबानं दिलेलीला नसतो, म्हणून ती अमोल ठरते. घरातली माणसं भोळी नव्हती, हिशेबी होती.

आजोबा मात्र तिला अमोल म्हणत नसत. त्यांचा भाव पक्का होता: एक दुभती म्हैस आणि वर दहा पोती ज्वारी. कुणी पाहुण्यानं विचारलं, की हाच आकडा. रुपयांत सांगायचं त्यांना जमत नसे, कारण रुपया बदलतो असं त्यांचं म्हणणं. मग 1972 चा दुष्काळ आला. दावणीची जनावरं मिळेल त्या किमतीला गेली, ज्वारी पैसे देऊनही मिळेना, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. म्हैस आणि ज्वारी या दोन्ही मापांनी एकाच वेळी दगा दिला. त्या वर्षी आजोबांनी दुनळीची किंमत कुणाला सांगितली नाही. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तितर, लाव्हे, ससे, जे काही दुनळीनं घरात आणलं असेल, ते सगळं हळूहळू गोष्टींमध्ये गेलं. बंदूक खुंटीवर राहिली, तिचं काम गेलं. मला वाटतं, आमच्या पिढीला बंदूक मिळाली ती अशी, काम सुटल्यानंतरची. म्हणूनच तिच्या किमतीवर बोलायला आम्हाला एवढी सवड सापडली.

दर अमावास्येच्या आधी ती खाली उतरे. घडवंचीवर जुनं धोतर पसरून आजोबा कळ दाबत, नळ्या मोडत, पुढचं लाकूड काढून तिचे तीन तुकडे करत. गजाला फ्लॅनेलची चिंधी गुंडाळून नळीतून ओढायचं काम आम्हा मुलांचं. खोबरेल चालत नसे, ते थंडीत थिजतं. रंगून तेलाची जुनी बाटली संपल्यावर शिवणयंत्राचं तेल आलं. पुसून झालं की नळी ओसरीबाहेरच्या उजेडाकडे धरायची आणि एका डोळ्यानं आत बघायचं. आत उजेडाची कडी, तिच्या पलीकडे दुसरी, तिच्या पलीकडे तिसरी, अशा एकाआड एक दिसत. "कडी मोडलेली दिसते का?" आजोबा विचारत. मोडलेली दिसली तर तिथे पोचा किंवा गंजाचा खड्डा. डाव्या नळीच्या तोंडाशी कडी जरा लहान होई, कारण ती नळी पुढे आवळलेली. लांबचा नेम तिचा. बारा बोअर म्हणजे काय, हेही तेव्हाच कळलं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढी, तेवढं नळीचं तोंड. म्हणजे सोळा बोअर ही बारापेक्षा लहान. हे उलटं गणित वर्गात सांगितल्यावर गुरुजींनी मला खाली बसवलं होतं.

काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ली आजोबांच्या जानव्याला. जुनी ईलीची काडतुसं कागदी नळकांड्यांची, पावसाळ्यात फुगत आणि नळीत बसत नसत. नंतर खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' आली. उडवलेल्या काडतुसाची रिकामी टोपणं ही आमची खरी दौलत. त्यांना जळक्या दारूचा वास महिनाभर राही, आणि तोंडाशी फुंकर मारली की शिट्टी वाजे. त्यांचाही भाव होता: लाल चार नंबरच्या बदल्यात दोन काचेच्या गोट्या, एल. जी. छापलेल्याला चार. एल. जी.ला जास्त का, तर ती दुर्मिळ. मोठ्या छऱ्यांचं काडतूस आजोबा उगाच उडवत नसत. संग्राहक नावाची जमात काय विचार करते, ते मला आज वेगळं शिकावं लागत नाही.

खंडेनवमीला तिन्ही बंदुका, कोयते, विळे, फाळ, आजीचा अडकित्ता आणि एका वर्षी धाकट्या काकांची सायकलसुद्धा पाटावर मांडली जाई. झेंडूची माळ, आपटा, हळदकुंकू. आजी बंदुकीच्या दस्त्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवी. दस्त्याच्या मुठीवर पकड यावी म्हणून बारीक चौकटी कोरलेल्या असतात, त्यांत ते कुंकू जाऊन बसे आणि निघत नसे. काही वर्षांत दुनळीची मूठ तांबूस झाली. आजीला बंदुकीबद्दल प्रेम होतं असं नाही. वर्षातून एवढा एकच दिवस ती तिला हात लावी. एरवी खालची जमीन सारवताना मान वर करून म्हणे, "हिच्या तेलपाण्यात एका सुनेचं लुगडं निघालं असतं." घरात किमतीचा हा दुसरा अंदाज होता, आणि तो आजोबांच्या अंदाजाइतकाच काटेकोर.

दस्ता एकदा मोडला होता. बैलगाडीतून पडून मानेतूनच चिरला. गावच्या सुताराने शिसवीचा तुकडा घालून, वरून पितळी पट्टी ठोकून तो इतका पक्का केला की आजवर हललेला नाही. पट्टीवर आजोबांनी आपली आद्याक्षरं कोरून घेतली. आम्हाला ती पट्टीच दुनळीचा दागिना वाटे.

निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा. काका पोत्यात गुंडाळून घेऊन जात, पावती आणत. निकाल लागून महिना उलटला की परत आणायची. एकदा तर ती मालखान्यात ओल्या भिंतीला टेकून अख्खा पावसाळा राहिली, आणि उजव्या नळीत खड्डे घेऊन घरी आली. आजोबांनी नळी उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता तेलाची बाटली मागितली. त्यानंतर त्यांच्या भावातून दोन पोती ज्वारी कमी झाली.

वाटण्या झाल्या तेव्हाची गंमत सांगायला हवी. शेत, विहीर, भांडी, सगळ्यांना आकडा लागला. बंदुकांपाशी गाडी अडली. परवाना थोरल्या काकांच्या नावे झालेला. तो वाटता येत नाही, आणि परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं म्हणजे तुरुंग. मग ज्याला ठेवता येत नाही त्याच्या वाट्याला तिची किंमत कशी धरायची? धाकटे काका म्हणाले, बाजारात जे येईल त्याचा तिसरा हिस्सा द्या. थोरले म्हणाले, मी विकणारच नाही, तर बाजार कुठला? आत्या गप्प होती. तेव्हा बहिणींना कुणी विचारत नसे. शेवटी गावातल्या ज्येष्ठांनी तोडगा काढला: बंदुका थोरल्याकडे, त्यांच्या बदल्यात धाकट्याला तांब्याचे दोन हंडे आणि घंगाळ. कागदावर बंदुकांसमोर काहीच लिहिलं नाही. त्या मोकळ्या जागेवरून पुढे दोन्ही घरांत एकेक दिवाळी अबोल्यात गेली.

खरा भाव काढायची वेळ आली ती डिसेंबर 2019 मध्ये. शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवान्यावर तीन बंदुका चालत होत्या, त्या दोनच ठेवायच्या. तिसरी वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची. वारसाहक्काच्या बंदुकांनाही तीच मर्यादा. थोरले काका जाऊन बराच काळ लोटला होता, परवाना चुलतभावाकडे. त्यानं सगळ्यांना बोलावलं. कोणती जाणार? सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर: ठासणीची. पण तो सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. म्हणाला, आधी तिन्हींची किंमत करून घेऊ.

पुण्याच्या दुकानदारानं बंदूक हातात घ्यायच्या आधी परवान्याची वही मागितली. कुठल्या हद्दीपुरता, मुदत कधीची, आणि वहीतला नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अंक न अंक जुळतो का. मग दुनळी मोडली. नळ्या सुट्या करून आकड्याला लटकावल्या आणि बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद निघाला. "पट्टीचा डाग सुटलेला नाही," तो म्हणाला. नळ्या परत बसवून, पुढचं लाकूड न लावता, कानाशी धरून हलवली. सांध्यात खुळखुळ नाही. नळ्यांच्या पोटाशी, जिथे आम्ही नुसतं तेल लावत आलो होतो, तिथे भिंगातून त्यानं आम्हाला मुकुटाच्या खुणा दाखवल्या. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी: बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के. शेवटचा म्हणजे ही नवी, बिनधुराची दारू सोसते. मग मोजपट्टी आत घातली. काडतुसाचं घर अडीच इंच. आजची पुष्कळशी काडतुसं पावणेतीन इंची. "ही घालून उडवू नका," तो शांतपणे म्हणाला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं, कारण चुलतभावाच्या पेटीत तीच होती.

भाव सांगितला तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. आजच्या हिशेबात म्हैस राहू द्या, पारडीही आली नसती. त्याचं म्हणणं साधं होतं. दोनच बंदुकांची मुभा असलेला माणूस शंभर वर्षांची, आखूड घराची, एका नळीत खड्डे असलेली दुनळी घेऊन आपली एक जागा का अडवेल? "हीच वेब्ली अँड स्कॉटची बत्तीस बोअर रिव्हॉल्वर असती, तर मी तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवलं असतं." 1980 च्या दशकात सरकारनं खासगी आयात थांबवली, तेव्हापासून आधी आलेल्या विलायती रिव्हॉल्वर-पिस्तुलांची गिनती तेवढीच राहिली. मागणारे वाढत गेले. अमेरिकेत काही शे डॉलरला जाणारी वस्तू इथे लाखांत बोलली जाते. लोखंड तेच. पैसे मोजले जातात ते सरकारी आदेशाच्या तारखेचे.

आमच्या भाचरांपैकी एक अमेरिकेत टेक्ससला असतो. त्याला फोटो पाठवले. तिकडे 'ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज' म्हणून दरवर्षी जाडजूड ग्रंथ निघतो. त्यात प्रत्येक मेक, आणि मूळ रंगरूप किती टक्के शिल्लक आहे त्यावर आकडा. त्याची पहिलीच अट आम्हाला चक्रावून गेली: पुसू नका. घासू नका. नवं पॉलिश देऊ नका. जुन्या पोलादाचा निळसर काळा रंग आणि लाकडावर हातांनी चढलेली झाक, याच गोष्टींचे पैसे. हौसेनं नव्यासारखी करून आणलेली बंदूक अर्ध्यावर येते. आणि आम्ही तर दर अमावास्येला तिला घासून पुसून चांदीसारखी केली होती. दस्त्यावरची पितळी पट्टी, शिसवीचा तुकडा, कुंकू: सगळं वजाबाकीत. भाचा चिडवायला म्हणाला, "मामी, जिम कॉर्बेटच्या रायफलीलाही पट्टी आहे, पण ती किंमत वाढवते." खरंच आहे. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरानं त्याला .275 रिग्बी भेट दिली, आणि दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर तसं कोरलं. पट्टी दोन्हीकडे पट्टीच. एकीकडे कागद आहे, पुरावा आहे, पुस्तकं आहेत, आमच्याकडे बैलगाडी. बिली द किडला मारलेलं पॅट गॅरेटचं कोल्ट रिव्हॉल्वर 2021 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरवर गेलं, तेही या पुराव्याच्याच जोरावर.

मग साहेबाचा पुरावा शोधायचं खूळ निघालं. आर्मी अँड नेव्ही ही 1871 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी लंडनला काढलेली सहकारी सोसायटी. मुंबईची त्यांची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे. बंदुका ते स्वतः करत नसत, बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून घडवून वर आपलं नाव घालत. त्यांच्या विक्रीच्या जुन्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. लंडनच्या पुतणीनं नंबर पाठवून उतारा मागवला. उत्तर आलं: पहिल्या महायुद्धाच्या आधीची विक्री, गिऱ्हाईक एक कॅप्टन. धरणाचा इंजिनियर नव्हे. भाटघरला पोचायच्या आधी ती आणखी कुणाकुणाच्या खांद्याला लागली, ते त्या वहीत नाही. पुतणीनं इंग्लंडमधले लिलाव पाहून तिथला भावही कळवला: अशा साध्या, काडतूस आपोआप बाहेर न फेकणाऱ्या दुनळ्या तिकडे शे-दोनशे पौंडांतही जातात. पुण्याचा दुकानदार फार कंजूष नव्हता म्हणायचा.

आश्चर्य केलं ते ठासणीच्या म्हातारीनं. दुकानदारानं छत्रीची काडी काढून बाजूला ठेवली, ओल्या फडक्यानं नळीवरची धूळ टिपली, आणि खिडकीशी नेली. धुरकट पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेली नळी. माळ्यावर तिला कुणी हात लावला नव्हता, कुणी घासलं नव्हतं, कुणी पूजलं तरी वर्षातून एकदा, धुळीसकट. "हिच्यासाठी गिऱ्हाईक मिळेल," तो म्हणाला, "पण संग्रहालयाला विचारा आधी. परदेशी पाठवायचं मनात आणू नका, शंभर वर्षांपलीकडची कलाकुसरीची वस्तू बाहेर काढणं गुन्हा आहे." जिला देऊन टाकायला आम्ही एका आवाजात तयार होतो, ती तिघींत महाग निघाली. रायफलीचा निर्णय मग दोन मिनिटांत झाला. तिच्यावर कुणाचंच मन बसलेलं नव्हतं, थोरल्या काकांचं सोडून. ती दुकानात जमा झाली आणि पुढे विकली गेली.

मला विचाराल, तर भाव काढून घेतला हे बरंच झालं. त्या मोकळ्या जागेत चाळीस वर्षं प्रत्येकानं आपापला आकडा भरून ठेवला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं आपल्याला लुबाडलं. धाकट्या काकांच्या मुलानं दुकानातून निघताना हिशेब केला: दोन हंडे आणि घंगाळ, आजच्या तांब्याच्या भावानं. दुनळीपेक्षा ते जड गेलं. गाडीत बसल्यावर तोच पहिल्यांदा हसला.

चुलतभाऊ सत्तरीपार गेला, तसा परवाना पुढे कुणाच्या नावे करायचा हा प्रश्न आला. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारकानं सत्तर ओलांडली, की हयातीतच वारसाला अर्ज करता येतो, आणि वारसांत मुलगी आहे, सूनही आहे. मुलगा बंगळूरला, त्याला नको. अर्ज सुनेनं केला. तिला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन दाखला जोडावा लागला. चौकशीला आलेल्या हवालदारानं ओसरीवर पाणी पिता पिता विचारलं, "वहिनी, कशाला हवी आहे?" आता नव्वदीला टेकलेली आत्या झोपाळ्यावर होती. तिनं मध्येच विचारलं, "परवान्यावर वाटेकरी म्हणून बहिणीचं नाव लागतं का हो?" हवालदार म्हणाला, तसं नसतं आजी, एकाच्याच नावे होतो. आत्या म्हणाली, "मग माझ्या हिश्शाचं घंगाळ कुठाय?"